नंबर नको, पान पाठवतो

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू मनातल्या मनात मला घातलेल्या शिव्या पोचल्या. पानंच्या पानं तब्येत, मुलं, गुडघे आणि डोळ्यांच्या ऑपरेशनवर खर्च केलीस, आणि सहीच्या अगदी वर एक ओळ सरकवलीस: 'ती भेटली होती. तुझी चौकशी केली. नंबर देऊ का?' महत्त्वाचं शेवटी आणि तेही सहज आठवल्यासारखं लिहायची तुझी खोड जुनी आहे. उत्तर देतो, पण माझ्या पद्धतीने. आधी हवापाणी.

थंडी यंदा चांगली कडक आहे, आणि खरं सांगू, मला ती आवडायला लागली आहे. वयात आलो तेव्हा थंडी म्हणजे बाहेर पडायचं निमित्त होतं. आता ती घरात बसायची परवानगी आहे. कोणी विचारत नाही, आज काय केलंत म्हणून. शाल घेऊन खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याला सगळे समजून घेतात, आणि मी त्याचा यथेच्छ फायदा घेतो.

खिडकीशी बसायचं कारण म्हणजे ऊन. उन्हाळ्यात ते खिडकीच्या कट्ट्यावरूनच परत फिरतं. आता सूर्य आभाळात खालच्या अंगाने चालतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. पुस्तकांच्या मागच्या रांगेला वर्षातून एवढेच दिवस ऊन दिसतं. धूळही दिसते, पण ती मला दिसते हे मी घरात कबूल करत नाही.

या दिवसांतली एक गंमत तुला सांगायची राहिली होती. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हे आपण शाळेत घोकलं. पण संध्याकाळ लांबायला त्याच्या आधीच सुरुवात झालेली असते, आणि सूर्योदय मात्र जानेवारी उजाडला तरी काही दिवस आणखी उशिराच होत राहतो. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे आपल्या घड्याळाचं आणि सूर्याच्या माध्यान्हीचं जमत नाही. डिसेंबरच्या अखेरीला माध्यान्ह रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते. म्हणजे आपण 'दिवस किती लहान झाला' म्हणून कुरकुरत असतो, त्याच आठवड्यात संध्याकाळने गुपचूप वाढायला घेतलेलं असतं. दुसरी गंमत याहून मोठी. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटर जवळ, आणि आपण उत्तर गोलार्धातली माणसं कुडकुडत बसलेली! आता यावर तू काहीतरी चावट लिहिणार, जवळ असण्याचा आणि उबेचा संबंध काय वगैरे. लिही. मी ते टाळलं आहे.

आता फुलांचं. कट्ट्यावर सध्या अमरिलिसची कुंडी आहे. दुकानात याच नावाने मिळतो तो कंद, पण वनस्पतिशास्त्रातलं खरं अमरिलिस दक्षिण आफ्रिकेतलं. हे आपलं हिप्पिएस्ट्रम, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. वरचा थोडा भाग मातीबाहेर ठेवून कंद लावायचा, एकदा पाणी द्यायचं, आणि मग कोंब दिसेपर्यंत पाण्याचा मोह आवरायचा. ऊब आणि उजेड मिळाला की साधारण सहा ते दहा आठवड्यांत फूल. दांडा सुटला की इतक्या झपाट्याने वाढतो की मी मागच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करतो. मुलांची उंची अशी मोजायचो, आता मुलं नाहीत घरात. उजेडाकडे झुकतो म्हणून कुंडी दर दोन दिवसांनी फिरवायची. मला सर्वांत नवल वाटतं ते हे, की कळी आता तयार होत नाही. ती कंदाच्या आत, पापुद्र्यांमध्ये, कधीचीच तयार होऊन बसलेली असते. कंद आडवा कापला तर दिसते म्हणतात. माझा धीर झालेला नाही.

हायसिंथ मी काचेच्या भांड्यात ठेवतो, पाण्यावर. कंदाचं बूड पाण्याला टेकवायचं नाही, थोडं वर ठेवायचं, मुळं आपली आपण खाली उतरतात. त्याआधी मात्र त्याला दहा-बारा आठवडे अंधार आणि गारठा द्यावा लागतो. तो काटकसरीने दिला तर फूल पानांतच गुदमरल्यासारखं खुजं येतं. (कंद हाताळताना हातमोजे घाल. मला खाज सुटते, बऱ्याच जणांना सुटते.) उमलला की दोन खोल्यांपर्यंत वास. हिला तो सोसत नाही, म्हणून रात्री भांडं व्हरांड्यात जातं. सकाळी मी ते परत आणतो. यावरून आमचं भांडण होत नाही, फक्त दारं जरा जोरात लागतात.

ख्रिसमस कॅक्टसचा किस्सा ऐक. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतलं, झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत वाढणारं हे निवडुंग आमच्या जिन्यात हिरवंगार होतं, पण कळीचं नाव नाही. मग हिने ते उचलून मागच्या खोलीत नेलं, जिथे सूर्य मावळल्यावर कोणी दिवाच लावत नाही. काही आठवड्यांत पानांच्या टोकांना गुलाबी ठिपके! कारण मी नंतर वाचलं. काही झाडं दिवसाच्या लांबीवरून फुलायचं ठरवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका वाणावरून दाखवलं. मग १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांना आढळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला तरी हिशेब मोडतो आणि फूल येत नाही. जिन्यातला दिवा तेच करत होता. हिने यातलं काही वाचलेलं नव्हतं. 'त्याला झोप मिळत नसेल,' एवढंच म्हणाली होती.

आणि व्हायोलेट. आता तुझ्या लक्षात आलं असेल मी कुठून कुठे येतोय.

आफ्रिकन व्हायोलेट, जांभळं, साधं, एकेरी पाकळ्यांचं. टांझानियातल्या उसंबारा डोंगरांतलं. १८९२ मध्ये सेंट पॉल-इलेअर नावाच्या एका जर्मन अधिकाऱ्याने तिथून युरोपात पाठवलं, आणि तिथून ते जगभरच्या खिडक्यांत गेलं. ते पसरलं मुख्यतः पानांनी. एक पान देठासकट खुडायचं, ओलसर मातीत तिरपं खोचायचं. महिन्याभरात मुळं, आणखी दोनेक महिन्यांनी देठाच्या बुडाशी पिल्लं. असं पानापासून केलेलं झाड म्हणजे त्या झाडाचं मूल नव्हे, तेच झाड. जुनं मरतं, पान उरतं, तेच पुढे चालू. तिने जाताना ओल्या कागदात गुंडाळून दिलेलं पान तुला आठवतं ना? तू म्हणाला होतास, 'हे काय, भाजी दिली की काय?' तेच आत्ता माझ्या कट्ट्यावर फुललंय. कुंड्या बदलल्या, घरं बदलली, ते तेच आहे.

आठवतो का तो वाचनालयातला हिवाळा? मला परीक्षेचं काही आठवत नाही, विषयसुद्धा धड सांगता येणार नाहीत. आठवते ती लांब टेबलाची उन्हाकडची बाजू. सकाळी कवडसा टेबलाच्या एका टोकाला पडायचा, आम्ही तिथे बसायचो. तो सरकला की खुर्च्या सरकवायच्या. दुपार कलेपर्यंत आम्ही भिंतीला टेकलेलो असायचो, आणि मधल्या सगळ्या खुर्च्यांवर आमची वह्या-पुस्तकं पसरलेली. त्या सरकण्याच्या आवाजावरून आम्हाला दोनदा बाहेर काढलं होतं, आणि दोन्ही वेळा तू ओळख दाखवली नव्हतीस.

आणि ठिणगी! पुस्तकसूचीचे ते पोलादी खण. लोकरीचे स्वेटर, कोरडी हवा. दमट हवेत अंगावरचा विद्युतभार हळूच निसटून जातो, कोरड्या थंडीत साठत राहतो. माणसाला झटका जाणवायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात म्हणे, पण तो इतका क्षणभराचा असतो की इजा होत नाही. तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. एकाच खणाकडे दोघांचे हात गेले, चट्‌ आवाज झाला आणि ती भर शांततेत ओरडली, 'अगं आई गं!' त्यानंतर आम्ही ते मुद्दाम करायचो. बाही टेबलावर घासायची आणि मग कार्ड शोधायच्या निमित्ताने बोट पुढे करायचं. हात हातात घ्यायची हिंमत दोघांतही नव्हती. व्होल्टेजवर भागवलं.

बाहेर पडलो की तिच्या बोलण्याची वाफ दिसायची. ती भरभर बोलायची, त्यामुळे वाफ लांबच लांब. मी एकेक शब्द बोलायचो.

पुढे काही झालं नाही, हे तू जाणतोस. कोणी फसवलं नाही, कोणाचे वडील आडवे आले नाहीत. ती पुढच्या शिक्षणाला गेली, पत्रं आधी जाड यायची, मग पातळ झाली, मग सणावारी, मग नाही. त्याचं मला तेव्हा फार वाटलं होतं. आता वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

मात्र थंडी पडली की ते सगळं वर येतं. यावरही लोकांनी अभ्यास केलाय. २०१२ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं की थंड खोलीत बसवलेल्या माणसांना गतकाळ जास्त आठवतो, आणि आठवल्यावर त्यांना थोडं ऊबदार वाटतं. मी फार विश्वास टाकत नाही. याच धर्तीचा २००८ चा एक प्रयोग गाजला होता, हातात गरम कप दिला की समोरचा माणूस प्रेमळ वाटतो असा. पुढे मोठ्या संख्येने माणसं घेऊन तो परत केला तर तसं काही निघेना. पण कट्ट्यापाशी बसून, हातात गरम कप घेऊन, मी स्वतःपुरता दोन्ही प्रयोग रोज करतो. निकाल सांगणार नाही.

हिला सगळं ठाऊक आहे. लग्नानंतर लगेचच सांगितलं होतं, त्या कुंडीसाठी प्रवासात जागा हवी होती म्हणून सांगावंच लागलं. ती त्या झाडाला 'तुमची पाहुणी' म्हणते. 'तुमची पाहुणी आज मान टाकून बसलीय' असं म्हणत तीच त्याला पाणी घालते, कोमट करून, बशीतून, कारण गार पाणी पानांवर पडलं की डाग पडतात. माझ्या हाती असतं तर ते झाड केव्हाच गेलं असतं.

तर नंबर. देऊ नकोस. रागाने नाही, भीतीनेही नाही, म्हणजे थोडी भीती आहे, पण ती मुख्य नाही. फोन झाला तर आम्ही काय बोलणार? गुडघे, मुलं, डोळ्यांचं ऑपरेशन. ते सगळं तुझ्याशी बोलायला तू आहेस. आणि तिला काय आठवत असेल कोण जाणे. खणाचा तो चट्‌ आवाज तिच्या लक्षातच नसेल तर मला ते कळून घ्यायचं नाही. आत्ता ही आठवण माझ्याकडे काही मागत नाही, मीही तिच्याकडे काही मागत नाही. इतकं बरं चाललेलं असताना मधे दूरध्वनी कशाला?

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून म्हणाली, 'नंबर द्यायचा नसेल तर नका देऊ. पण तिच्याकडे ते झाड राहिलंय का, एवढं तरी विचारा. नसेल तर पान पाठवू.' हे मला सुचलं नव्हतं. विचार तिला, पण माझ्या तर्फे म्हणून नको, आपलं सहज. पत्राच्या शेवटी जसं विचारतोस तसं.

हवं असेल तर थंडी ओसरल्यावरच पाठवीन. १० अंशांखाली ते झाड टिकत नाही, वाटेतच पान काळं पडेल. आणि कुंडी अगदी लहान घ्यायला सांग. मोठी घेतली तर नुसती पानंच येतील.

वहिनींना नमस्कार. ऑपरेशन कधी ते कळव, मी येतोच.

तुझा,
मित्र