रेडिओवरच्या ‘प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी परत ऐकायला मिळतील का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी नजर गेली आणि वाचन बंद झालं, आणि ज्या बाईने आयुष्यभर लायब्ररीची पुस्तकं आणली तिला दुपार खायला उठायची. मग मुलाने मोबाईलला छोटा स्पीकर जोडून दिला आणि जेवणं आटोपली की पु.लं.चं कथाकथन लावायला लागलो. म्हैस, रावसाहेब, अंतू बर्वा सगळं पाठ आहे त्यांना, तरी वाक्य यायच्या आधीच हसायला सुरुवात करतात, आणि अंतू बर्वा संपत आला की गप्प होतात.

आज हे ऐकता येतंय कारण पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या कंपन्यांनी त्या काळी कॅसेट काढल्या, त्या घरोघरी गेल्या आणि टिकल्या. लक्ष्मण देशपांडेंचं वऱ्हाडही तसंच, एकटा माणूस ५२ पात्रं उभी करतो ते आजही ऐकता येतं. रेडिओवर लागलं आणि हवेत गेलं त्याचं काय?

परवा सासूबाई म्हणाल्या, अगं ते प्रपंच लाव ना, टेकाडे भावजींचं. मुंबई आकाशवाणीची ती श्रुतिका, प्रभाकर जोशी पंत, नीलम प्रभू मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर टेकाडे भावजी. दोन दिवस शोधलं, एखाददुसरा तुकडा सापडला पण सलग बसून ऐकता येईल असं मला काही मिळालं नाही. त्यांना तर त्या तिघांचे आवाज अजून कानात आहेत. नुसत्या बोलण्यातून, दाराच्या आवाजातून अख्खं मध्यमवर्गीय घर उभं करायचं आणि हसवायचं, चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत, जे काय ते आवाजात आणि दोन वाक्यांमधल्या थांबण्यात, हे मला फार मोठं काम वाटतं.

टेप महाग असायची म्हणून रेडिओ केंद्रं जुन्यावरच नवीन रेकॉर्डिंग करायची, असं बाहेरच्या देशांतही झालंय. बीबीसीने २००१ साली श्रोत्यांनाच आवाहन केलं की तुमच्या घरी आमचे जुने कार्यक्रम टेप केलेले असतील तर द्या. हॅन्कॉक्स हाफ अवर या त्यांच्या विनोदी मालिकेचा १९५५ सालचा एक हरवलेला भाग तर अगदी अलीकडे मिळाला, तोही एका श्रोत्याने घरी रेडिओवरून टेप केला होता म्हणून. आपल्याकडेही टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आल्यावर कितीतरी लोकांनी रेडिओवरचं टेप करून ठेवलंय. आकाशवाणीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांनी आपल्याकडच्या जुन्या विनोदी श्रुतिकांची निदान यादी तरी जाहीर करावी, जे नाही ते श्रोत्यांकडे मागावं, आणि जे आहे ते मोबाईलवर ऐकता येईल असं ठेवावं, थोडे पैसे लावले तरी आम्ही देऊ.

ऑडिओबुकवाल्यांनाही एक सांगायचंय. मराठी विनोदी पुस्तकं आता बरीच ऐकायला मिळतात, आनंदच आहे, पण काही वाचणारे इतके सपाट वाचतात की विनोद येऊन गेलेला कळत नाही. विनोदी पुस्तक नाटकातल्या, रेडिओवरच्या माणसाकडूनच वाचून घ्या, ज्याला कुठे थांबायचं ते माहितीय. आणि ऐकणाऱ्यांनी स्पीड वाढवू नका प्लीज, नातू दीडपट करून ठेवतो आणि सासूबाई लगेच म्हणतात, हे पु.ल. नाहीत, बंद कर.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर प्रपंचच्या किंवा कुठल्याही श्रुतिकेच्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. आणि पांढरी बुरशी दिसली तर घरच्या जुन्या प्लेअरवर लावून बघू नका, टेप अडकून तुटते, आधी जाणकाराकडून साफ करून डिजिटल करून घ्या. तुम्ही रविवारच्या पुरवणीत एवढं आवाहन चौकटीत छापाल का? सासूबाईंना मी ते वाचून दाखवीन.

आपली,
एक श्रोती, डोंबिवली