गिटार घेताना आधी बोटांना विचारा

संपादक महोदय,

परीक्षा संपल्या की ठाणे, वाशी, नेरुळकडच्या वाद्यांच्या दुकानांत आईबाबांबरोबर मुले येऊ लागतात. बहुतेकांचे बोट भिंतीवरच्या सर्वांत मोठ्या, चकचकीत गिटारकडे जाते. हौसेला मोल नसते, आणि आवडीचे वाद्य घरात असले की ते रोज हातात घेतले जाते, हेही खरे. पण वाजवायच्या पद्धतीला न मानवणारी गिटार सहा महिन्यांत कपाटावर जाते. म्हणून त्या गिटारमध्ये नंतर काय बदलता येईल आणि काय जन्मभर तसेच राहील, हे पैसे मोजण्याआधी पाहावे.

दुकानातल्या बहुतेक अकूस्टिक गिटार ड्रेडनॉट घाटाच्या असतात. हे नाव एका ब्रिटिश युद्धनौकेचे. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी ही रुंद, खोल बॉडी घडवली आणि १९३१ पासून ती स्वतःच्या नावाने विकायला काढली. पिक (तार छेडायची छोटी चकती) घेऊन कॉर्ड वाजवत गाण्याला साथ करायची असेल, तर हा भरघोस आवाज हवाच. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला मात्र तिचा खर्ज जड जातो, बारीक तारांवरची चाल त्याखाली दबते. शिवाय लहान चणीच्या मुलाचा उजवा खांदा त्या बॉडीवरून हात टाकताना वर चढतो आणि अर्ध्या तासात मान आखडते. अशांनी ओएम किंवा ट्रिपल-ओ घाट पाहावा. त्याची कंबर बारीक असते आणि खोली कमी.

न बदलणारी दुसरी गोष्ट म्हणजे गिटारच्या मानेची, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याची, रुंदी. खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या पांढऱ्या पट्टीतून जातात तो नट. ड्रेडनॉटवर तो बहुधा ४३ मिमी असतो, फिंगरस्टाइलच्या, म्हणजे बोटांनी छेडायच्या, गिटारवर ४४.५. दीड मिमीने काय होते, असे वाटेल. साधी सी कॉर्ड धरून पाहा. पहिले बोट दुसऱ्या तारेवर असताना खालची बारीक तार मोकळी वाजली पाहिजे. ती ‘ठक्’ करत असेल तर बोटाचा गर तिला टेकतोय. पिकने झपाट्याने वाजवताना हे झाकले जाते, सुटी तार छेडताना नाही. जाड बोटांच्या माणसाने ही कॉर्ड दुकानातच धरून पाहावी.

उलटही घडते. सीडर लाकडाच्या टॉपची (पुढच्या फळीची) छोटी गिटार हलक्या स्पर्शाला फार गोड बोलते. तिच्यावर जोरात स्ट्रमिंग केले की आवाज वाढायचा थांबतो, नुसता पसरतो. जोरकस हाताला स्प्रूस लाकडाचा टॉप बरा.

बोटे दुखतात म्हणून काही जण नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घेतात आणि आवाज मऊ वाटतो म्हणून तिच्यावर स्टीलच्या तारा चढवतात. असे कधीही करू नये. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो, स्टीलच्या लाइट संचाचा ७० किलोच्या वर. क्लासिकलच्या पातळ टॉपला तो सोसत नाही. ब्रिजमागे, म्हणजे तारा बॉडीला जिथे अडकतात त्या पट्टीमागे, फुगवटा येतो, मग ब्रिजच उखडतो.

बदलता येते ते तारांची जाडी आणि ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) तारेची उंची. बारा-त्रेपन्नचा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संच काढून अकरा-बावन्नचा लावला की डाव्या हाताला लगेच फरक कळतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २.५ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर ठीक. जास्त असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी, खालून घासतात. एक मिमी घासली की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरतो. तळ सपाट राहिला पाहिजे आणि मूळ सॅडल जपून ठेवून दुसरी घासावी. ॲक्शन उतरवायला ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पिळू नये, तो फक्त मानेचा बाक सुधारण्यासाठी असतो. जास्त आवळला की पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खडखडतात.

आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. लाकूड ओल धरते, टॉप फुगतो आणि ॲक्शन आपोआप चढते. जुलैत घाईने सॅडल घासून घेतली, तर जानेवारीत टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटला लागतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. सॅडलचा निर्णय दिवाळीनंतर घ्यावा.

दुकानात बिनहाताच्या खुर्चीवर बसून निदान वीस मिनिटे स्वतःला येते तेच वाजवावे. विक्रेत्याच्या सराईत हातात कुठलीही गिटार छान वाजते. लोकलने क्लासला जाणार असाल तर बॅगेत घालून खांद्यालाही लावून पाहा.

दुकानदारांना एकच विनंती. गिटारला किमतीची चिठ्ठी लावताच. तिच्यावर नटची रुंदी, स्केलची (नटपासून सॅडलपर्यंतच्या तारेची) लांबी आणि चढवलेल्या तारांची जाडी हे तीन आकडेही लिहावेत.

– गिटारचे शिक्षक व कारागीर, नौपाडा, ठाणे