पट्टा काढून ठेवलात, चाचा!

चाचा, सप्रेम नमस्कार.

नाव सांगून ओळख लागायची नाही. मे महिन्यात भर दुपारी मिरजेतल्या तुमच्या तंबोऱ्यांच्या दुकानाच्या पायरीवर काळी मोठी पेटी घेऊन घाम पुसत उभा होतो, तो मी. तुम्ही विचारलंत, "सरोद काय?" मी म्हटलं, गिटार. तुम्ही "बरं" म्हणालात आणि मागे वळून चहा सांगितलात. "गिटार इथं कशाला आणली?" असं विचाराल म्हणून मी सांगलीपासून उत्तर पाठ करत आलो होतो. ते तसंच राहिलं.

तुमच्या नातवाचा नंबर आहे माझ्याकडे, त्याला हे पाठवतोय. तो वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पुण्यातल्या दोन-तीन जणांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. त्यांची नावं घेत नाही. त्यांना कळेल.

आधी त्या गिटारबद्दल. टेलर कंपनीची, 814सीई. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एल कहोनला त्यांचा कारखाना आहे. 1974 साली तीन तरुण पोरांनी एक छोटं दुकान विकत घेऊन हा धंदा सुरू केला, त्यातला एक तर एकोणीस वर्षांचा. मी एकोणिसाव्या वर्षी कॅसेटी उलट्यासुलट्या करून कॉर्ड शोधत बसलेला असायचो, आणि हातातली गिटार होती मित्राच्या भावाची. स्वतःची, मनासारखी गिटार यायला 2019 उजाडलं. सव्वातीन लाख. बायकोने ती रक्कम तोळ्यांत मांडून दाखवली, मग दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता आणलीच आहेस तर निदान रोज वाजव." ऑफिसातल्या एकाने तर, शालू नेसून भांडी घासायला बसलायस, असंच म्हटलं. खोटं नाही ते. माझा हात बेताचाच. भावगीतं, जुनी हिंदी गाणी, कधी नुसतीच एखादी कॉर्ड धरून ती विरेपर्यंत ऐकत बसायचं. पण चांगलं वाद्य बेताच्या हातालाही थोडं उचलून घेतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि मी काय केलं? ती स्टँडवर ठेवली. पेटीत ठेवायची सोडून खोलीत, एसीच्या समोर, दिसायला छान दिसते म्हणून. फेब्रुवारी ते एप्रिल. पुण्याची एप्रिलची दुपार म्हणजे ओठ फुटतात इतकी कोरडी हवा, त्यात एसी. या गिटारी जिथे घडतात तिथे हवेतला ओलावा 50 टक्क्यांच्या आसपास राखलेला असतो. माझ्या खोलीत त्याच्या निम्माही नसावा. पुढची तबली, म्हणजे तोंडावरची फळी, स्प्रूस लाकडाची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून 70 किलोंपेक्षा जास्त ताण. एका संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत होतो. बोट मोडल्यासारखा आवाज आला, टक्. घोडीच्या, म्हणजे तबलीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या, खालपासून शेपटीपर्यंत वीतभर चीर. दोष गिटारीचा नाही, बनवणाऱ्यांचा तर नाहीच नाही. माझा.

अ‍ॅम्पला जोडल्यावर तर ती चीर बोलायलाच लागली. खालची तार छेडली की मागून चर्र, मोडक्या स्पीकरसारखं. वर तबली आत बसल्याने तारा खाली आलेल्या, फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, घासत होत्या.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या पोराने गिटार पेटीतून काढली आणि काचेवर ठेवली. काचेवर आधीच किल्ल्यांचा जुडगा होता. गिटार त्या जुडग्यावर बसली. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्याने फोटो काढले, मेल आयडी लिहून घेतला आणि सांगितलं, वॉरंटीत बसणार नाही, कळवतो. वॉरंटीत बसत नाही हे मलाही माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. कळवलं मात्र अजून नाही. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी लांबूनच सांगितलं, "फेव्हिक्विक सोडतो, वरून पॉलिश मारतो, आजोबांना कळणारसुद्धा नाही." आजोबा म्हणजे मी. वय 56. तिसऱ्यांचं नाव मोठं आहे, त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला: "एवढी महागाची गिटार घेऊन वाजवता काय तुम्ही?" मी वाजवतो ते सांगितलं. ते हसले. त्या हसण्यानंतर मी महिनाभर पेटी उघडली नाही.

माझी बहीण सांगलीला असते. जूनमध्ये तिची एकसष्टी, आणि आईची आवडती गाणी मी वाजवायची असं वर्षभर आधी ठरलेलं. तिला फोनवर खरं सांगितलं तर ती म्हणाली, "मग मिरजेला दाखव की. आमच्या शेजारच्या वहिनींचा तंबोरा तिथेच जातो." मी म्हटलं, अगं, तंबोरा वेगळा, गिटार वेगळी. ती म्हणाली, "लाकूडच ना?" 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा ती बातमी वाचून मी "अरे वा" म्हणून पान उलटलं होतं. दीडशेहून जास्त वर्षं जिथे लोक लाकूड आणि भोपळा एकमेकांशी बोलते करतायत, तिथे न्यावं हे मला सुचलं नाही. बहिणीला सुचलं, आणि तिला सा कुठला आणि प कुठला हेही कळत नाही.

(जाता जाता: पुणे-सांगली एसटीत कंडक्टरने पेटी बघून ती मागच्या मोकळ्या सीटवर आडवी ठेवायला लावली आणि स्वारगेट ते सांगली कुणालाही तिच्यावर पिशवी टाकू दिली नाही. त्यांचेही आभार. त्यांचा बिल्ला नंबर बघायचा राहिला.)

आता मुद्द्याचं. ज्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही पेटी उघडायला सांगितलीत. उघडली. तुम्ही वाकून पाहिलंत, हात लावला नाहीत. मग उठलात. मला वाटलं, झालं, आता हेही नाही म्हणणार. तुम्ही भिंतीकडे गेलात, कमरेचा पट्टा सोडलात आणि अर्धवट झालेल्या तंबोऱ्याच्या दांड्यांशेजारी खिळ्याला अडकवलात. मग शर्टाच्या खिशातलं पेन आणि पट्टी काढून फळीवर ठेवलीत. बोटातली अंगठी काढायला जरा वेळ लागला, ती निघेना, तुम्ही थुंकी लावून काढलीत. एका हाताने पँट धरून परत आलात, बसलात, मांडीवर जुनी मऊ चादर पसरलीत, आणि मग दोन्ही हातांनी गिटार उचललीत. झोपलेलं मूल पाळण्यातून उचलताना मानेखाली हात घालतात, तसा एक हात मानेखाली.

या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. त्यात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला दाखवण्यासाठी तर ते नव्हतंच, तुमचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

मग तुम्ही गिटार पालथी केलीत. पाठीवर मधोमध, बरोबर पोटाला टेकते तिथे, बारीक चरे होते. पाच वर्षांचे. तुम्ही त्यांच्यावरून अंगठा फिरवलात. एकदा माझ्या कमरेकडे पाहिलंत. माझ्या पट्ट्याचं बक्कल चांगलं तळहाताएवढं. तुम्ही काही बोलला नाहीत, चाचा, आणि ते न बोलणं मला त्या तिघांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. इतके दिवस मी लोकांच्या बेपर्वाईच्या कहाण्या सांगत फिरत होतो. पाठ खरवडली होती मीच.

तुम्ही पाठीवर टिचकी मारलीत, कान लावलात आणि म्हणालात, "शिसवी हाय. आपल्याकडचीच." मी सांगितलं, हो, हिंदुस्थानातली शिसवीच वापरतात ते, इथून तिकडे जाते. तुम्ही तिला थोपटलंत. "फिरून आली म्हणायची माहेराला." आमच्या घरचा देव्हारा शिसवी आहे, आजीचा. दोन्हींचं लाकूड एकाच जातीचं, हे पाच वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, चाचा, तार चरचरतेय. तर तुम्ही हसलात. "लोक चरचर आणायला पैसे देत्यात आम्हाला, तुम्ही काढायला आलाय." खरंच की! तुमच्याकडे तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून घासून अशी जवारी काढायची, की तार त्याला निसटती चाटून जावी आणि सूर फुलून यावा. वर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि त्याला नाव काय, तर जीव. गिटारीची घोडी नेमकी उलटी: तार एकाच धारेवर टेकायला हवी, जरा घासली की आम्ही तक्रार घेऊन दारात. घोडीच्या मागचे तीन बारीक स्क्रू दाखवून तुम्ही विचारलंत, हे काय? मी सांगितलं, पिकअप, तारांचा आवाज अ‍ॅम्पकडे नेणारा. बहुतेक ठिकाणी तो तारांखालच्या हाडाच्या पट्टीखाली दाबून बसवतात, टेलरवाल्यांनी 2014 पासून पट्टीच्या मागे लावायला सुरुवात केली. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "म्हंजे घोडीच्या पाठीला कान लावलाय." इतकं सोपं करून ते मला कुठल्याही माहितीपत्रकाने सांगितलं नव्हतं. आणि लगेच पुढे: "ह्या कानाला मी हात लावनार नाय. ते माझं काम नव्हं. चीर माझी."

पुढचं मी फार पाहिलंच नाही. तुम्ही नऊ दिवस ठेवून घेतलीत. सुरुवातीचे काही दिवस नुसती ओल्या फडक्यांच्या संगतीत ठेवली होती म्हणे, तेवढ्यानेच चीर बरीचशी मिटली. मग सरस, आतून लाकडाच्या चिपा, अजून काय काय. न्यायला आलो तेव्हा चीर कुठे होती ते मला चष्मा लावून शोधावं लागलं. सापडली. तुम्ही म्हणालात, "दिसू द्या थोडी. लपवली तर इसराल."

आणि 1500 रुपये सांगितलेत. सरळ. 'तुमच्या मनाला येईल ते द्या' नाही, 'राहू द्या हो' नाही. मला फार बरं वाटलं त्याचं. नाहीतर चांगल्या माणसाने काम फुकट केलंच पाहिजे अशी आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे, आणि फुकट करणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जाताना आपलेच पाय अडखळतात. तुमच्याकडे मी पुन्हा येऊ शकतो.

घरी आल्यापासून मी लोकांचे हात बघतो. दुसऱ्याची वस्तू कशी उचलतात ते. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला बायकोची पैठणी घेताना आधी हात पुसतो, हे मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. बँकेत एक मुलगी आहे, म्हाताऱ्या माणसांचं फाटकं पासबुक ती दोन्ही हातांनी परत देते. अशी माणसं पुष्कळ आहेत, फक्त ती आवाज करत नाहीत म्हणून आपल्याला किल्ल्यांच्या जुडग्यावर गिटार ठेवणारेच लक्षात राहतात. त्या पोरावरचा रागही आता तसा उरलेला नाही. त्याला कुणी पट्टा काढताना दाखवलं नसेल. फोनवर हसणाऱ्या मोठ्या माणसावरचा मात्र आहे, तो इतक्यात जाईल असं वाटत नाही.

गिटार आता पेटीत असते. तुमच्या नातवाने सांगितल्याप्रमाणे साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज ठेवला, पाऊस सुरू झाल्यावर काढला. ओलावा मोजायचा छोटा मीटर आणलाय, आज 56 टक्के दाखवतोय.

एकसष्टी झोकात झाली. हॉलवाल्याच्या मोठ्या स्पीकरला गिटार जोडली, खालची तार छेडली, आणि श्वास धरून थांबलो. चर्र नाही. नुसता सूर, लांबपर्यंत. पहिल्या रांगेत शेजारच्या वहिनी बसल्या होत्या, तंबोरावाल्या, त्यांनी मान हलवली.

सुरू करण्याआधी एक गोष्ट केली. स्टेजवर चढलो, खुर्चीत बसलो, आणि आठवलं. उठलो आणि सगळ्यांसमोर पट्टा काढला. ठेवायला खिळा नव्हता, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या दाजींच्या हातात दिला. ते बिचारे तीन गाणी संपेपर्यंत तो धरून उभे राहिले. आता एकसष्टीच्या प्रत्येक फोटोत मी गिटार वाजवतोय आणि मागे दाजी हातात पट्टा घेऊन उभे. सगळे नातेवाईक विचारतायत, नक्की काय चाललं होतं. एक फोटो तुमच्या नातवाला पाठवलाय. बघा आणि हसा.

तुमचा,
काळ्या पेटीवाला