मागची पडवी आणि सेरेनची घरं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये होते. राजधानीहून सान हुआन ओपिकोकडे जाणाऱ्या बसने झापोतितानच्या खोऱ्यात उतरले. रस्त्याला लागून ऊस, आणि त्या शिवारातच होया दे सेरेन हे राखेखालून उकरून काढलेलं प्राचीन गाव. इथे राजे नाहीत, पिरॅमिड नाहीत. शेतकऱ्यांची घरं आहेत, म्हणून तुम्हाला सगळं नीट लिहिते आहे.

सुमारे १४०० वर्षांपूर्वी, गावापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर ज्वालामुखी फुटला आणि चार ते आठ मीटर राखेखाली सगळं गाडलं गेलं. १९७६ साली धान्याच्या कोठारांसाठी बुलडोझरने जमीन सपाट करताना एक घर उघडं पडलं. दोन वर्षांनी पेसन शीट्स या अमेरिकी संशोधकांनी उत्खनन सुरू केलं.

रात्रीची जेवणं नुकतीच आटोपली असावीत, कारण वाडगे न धुता तसेच होते आणि त्यांत बोटांनी पुसून खाल्ल्याच्या रेघा होत्या. झोपायच्या चटया अजून गुंडाळलेल्याच. मडक्यांत घेवड्याचे दाणे, वर टांगलेल्या मिरच्या. काळ्या काचेसारख्या दगडाची धारदार पाती छपराच्या गवतात खोचलेली, पोरांचा हात पोचू नये म्हणून. आणि आई, त्यांचा पाटा! तो बेचक्याच्या लाकडांवर उंच बसवायचे. तुझे गुडघे आठवले मला.

शेतात मक्याची ताटं कुजून राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतल्यावर ताटं जशीच्या तशी मिळाली. कणसं झाडावरच वाळावीत म्हणून ती मधे मोडून वाकवलेली होती. बाबा, वरंबे इतके सरळ आहेत की तुम्ही बांधावर बराच वेळ उभे राहिला असतात.

एवढ्या घरांत माणसाचा एकही सांगाडा सापडलेला नाही. बहुतेक सगळे वेळेत निघून गेले. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढे सान आंद्रेसला गेले. तिथे माया या प्राचीन लोकांच्या टेकाडांशेजारी स्पॅनिश काळातला निळीचा कारखाना आहे, तोही १६५८ मध्ये दुसऱ्या एका ज्वालामुखीच्या राखेखाली गेला. निळीला तिथे ‘आन्यील’ म्हणतात. तो शब्द अरबीतून आला आणि अरबीत आपल्या ‘नील’वरून गेला. एवढ्या लांब आपलाच शब्द भेटला.

पण मन सेरेनच्या भिंतींपाशीच अडकलं. काठ्या उभ्या रोवून दोन्ही बाजूंनी माती लिंपलेली, अगदी आपल्या कारवीच्या कुडासारखी. बाबा, मागची पडवी पाडून विटांची बांधायची असं तुम्ही म्हणालात. पाडा, तिथे ओल येते आणि आईला दम लागतो. फक्त मी येईपर्यंत थांबा. एप्रिलच्या शेवटी येते, पावसाच्या आत काम होईल. आधी मला आजीचं शिंकाळं कुठे होतं, विळी कुठे असायची, चुलीकडे तोंड करून कोण कुठे बसायचं, हे आईकडून जागेवर लिहून घ्यायचं आहे. कूड आजोबांनी कसा घातला ते तुम्ही सांगा.

आणि पाटा कुणालाही देऊ नकोस, आई. तो उंच कट्ट्यावर बसवून घेऊ.

तुमची,
लेक