मंग्या, वास्तुशांतीला का आलो नाही ते सांगतो

ठाणे, १२ ऑगस्ट

मंग्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर आता वाच. जूनमध्ये तुझी वास्तुशांत झाली, तीन वेळा फोन केलास, मी एकदाही नीट बोललो नाही आणि वर 'कामात आहे रे' असा मेसेज टाकला. काम-बिम काही नव्हतं, आमच्या लेकीच्या, चिऊच्या मानेचं चाललं होतं आणि फोनवर सांगायला गेलो असतो तर मी रडलो असतो, म्हणून टाळलं. आता बरंच ठीक आहे म्हणून निवांत लिहितोय.

आधी एक कर, तिचे जन्मापासूनचे जे फोटो तुला पाठवलेत ते उघड. प्रत्येक फोटोत डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं आणि तोंड डावीकडे. आम्हाला वाटायचं पोज देते, तूच तर खाली 'हिरोईन' लिहिलं होतंस! दीड महिना आम्ही तेच कौतुक करत बसलो. तुझी वहिनी म्हणायची की ही डाव्या बाजूला प्यायलाच मागत नाही, घेतलं की आकांत करते, उजव्या बाजूला गपगप पिते, तर बायकांनी सांगितलं की असतात काही मुलं हट्टी. मग एके दिवशी तेल लावताना हिच्या बोटाला चिऊच्या मानेत उजवीकडे चिंचोक्याएवढं काहीतरी टणक लागलं. गाठ. आमच्या घरात गाठ हा शब्द कसा आहे तुला माहितीये, बाबांचं झाल्यापासून. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

तसं पंधरा दिवस आधी एका डॉक्टरला मान दाखवली होती, तर त्यांनी वर न बघताच 'होईल आपोआप' म्हणून लसीची पुढची तारीख लिहून दिली. तो राग माझा अजून गेला नाहीये. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र दोन्ही हातांनी मान चाचपली, सोनोग्राफी करायला लावली आणि गाठ म्हणजे वेगळं काही नाही, मानेचा स्नायूच तिथे जाड झालाय, ती काही महिन्यांत आपली आपण विरते असं समजावलं. कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत आणि गळ्याजवळच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू, नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, चिऊच्या अख्ख्या मानेपेक्षा नाव लांब. तो एका बाजूचा आखडला की डोकं त्याच बाजूला कलतं आणि हनुवटी उलट बाजूला वळते. याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. पोटात अवघडून बसलेली, पायाळू किंवा डिलिव्हरीत ओढाताण झालेली अशा मुलांमध्ये जास्त दिसतं, आमची चिऊ पायाळूच होती. अशा मुलांचा खुब्याचा सांधाही कधीकधी नीट बसलेला नसतो म्हणून त्याची पण सोनोग्राफी झाली, डोळेही तपासले, कारण नजरेच्या दोषामुळे पण मूल मान वाकडी धरतं. दोन्ही ठीक निघालं आणि फिजिओथेरपी सुरू करा म्हणाले. तेव्हा चिऊ सात आठवड्यांची.

रात्री मोबाईलवर वाचत बसायचो. अमेरिकेतल्या फिजिओंच्या संघटनेचं म्हणणं असं की जन्मानंतर महिन्याच्या आत व्यायाम सुरू केले तर शंभरातल्या ९८ मुलांची मान मूल अडीच महिन्यांचं होईपर्यंत जवळपास पूर्ण फिरायला लागते, महिन्यानंतर सुरू केलं तर सहा महिने लागू शकतात आणि सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ-दहा. मी ते 'होईल आपोआप'चे पंधरा दिवस रोज रात्री मोजायचो.

फिजिओ मॅडम नौपाड्यात, आम्ही मानपाड्याला. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, पाऊस, रिक्षाचा पडदा फडफडतोय आणि मांडीवर चिऊ, प्रत्येक खड्ड्याला माझा हात तिच्या मानेखाली. पहिल्या दिवशी मॅडमनी दहा मिनिटं तिला हातच लावला नाही, नुसतं बघत बसल्या. मग एक लाल खुळखुळा तिच्या डोळ्यांसमोरून हळूहळू उजवीकडे नेला. चिऊचे डोळे गेले त्याच्यामागे, पार कोपऱ्यापर्यंत गेले, मान मात्र अर्ध्यात अडकली आणि तिने मग अख्खं अंगच वळवलं. 'बघा, डोळे पोचले, मान नाही पोचली' एवढंच म्हणाल्या. इतके दिवस मी जे रोज बघत होतो ते मला त्या खुळखुळ्यामुळे दिसलं.

व्यायाम दिसायला काहीच नाही. एक हात खांद्यावर, दुसरा डोक्याखाली, डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा आणि थांबायचं. मग हनुवटी उजव्या खांद्याकडे, परत थांबायचं. ओढायचं नाही, झटका तर अजिबात नाही, ती विरोध करायला लागली की सोडायचं. मॅडमनी आमच्याकडून समोर दहा वेळा करून घेतलं तेव्हा कुठे घरी करायला दिलं. माझ्या हाताला इतका घाम की मॅडमनी नॅपकिन दिला. मला वाटलं आठवड्यातून दोनदा गेलो की झालं, तर त्या म्हणाल्या इथली अर्ध्या तासाची मान काय कामाची, बाकीचा अख्खा दिवस तिचं तोंड कुठे असतं ते सांगा. घरात दरवाजा, पंखा, टीव्ही, आई येते ती वाट, सगळं तिच्या डावीकडे आणि उजवीकडे कोरी भिंत! म्हणून मग गादीवर डोकं-पाय उलटे केले, खुळखुळे उजवीकडे बांधले, कडेवर घ्यायची पद्धत बदलली, उजवी कूस खाली करून आडवी धरायची म्हणजे डोकं वर उचलायला डावी बाजू कामाला लागते. जागी असताना पालथी, बहुतेक वेळा माझ्या पोटावर. सारखं तोंड डावीकडे करून झोपल्याने डोक्याची मागची डावी बाजू चपटी झाली होती, त्यावर पण इलाज हाच, आणि भावाने दिलेला बाउन्सर, ती बाळाची झुलती खुर्ची, माळ्यावर गेला.

खरं युद्ध आईशी झालं. ती साताऱ्याहून जुन्या नऊवारीची मोहरीची उशी शिवून घेऊन आली होती, डोकं गोल व्हायला. डॉक्टर म्हणाले उशी नको, कुठलीच नको, श्वास कोंडायची भीती, झोपताना उताणी आणि सपाट गादीवर. उताणं झोपवा हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १९९२पासून सांगतायत, त्याने झोपेत दगावणारी मुलं खूप कमी झाली, चपटी डोकी मात्र वाढली, म्हणून जागेपणी पालथं. हे आईला कोण समजावणार! त्यात मालिशवाल्या मावशी 'मान मी दोन दिवसांत सरळ करते' म्हणून बसलेल्या. मी म्हटलं अंगाला हवं तेवढं तेल लावा, मानेला बोट लावायचं नाही. मावशी गेल्या त्या आल्याच नाहीत आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी चिऊची मान धरून तीस मोजत होतो, ती कोकलत होती, तर आई स्वयंपाकघरातून आली आणि शेजारी बसून बेचा पाढा म्हणायला लागली, तिच्या शाळेतल्या मास्तरांच्या चालीत, सावकाश. चिऊ गप्प. बे दाहे वीस होईपर्यंत बरोबर तीस सेकंद! तेव्हापासून दर डायपरला पाढा, आणि आई मुद्दाम उजवीकडे बसते. मी आकडे मोजले की अजून रडते, गधडी.

आता साडेचार महिन्यांची आहे. मान दोन्हीकडे जवळपास सारखी फिरते, गाठ हाताला लागत नाही, डोकं थोडं चपटं आहे ते बसायला लागली की भरून येईल म्हणतात. दमली की संध्याकाळी अजून उजवीकडे कलते. मग बायकोचा चेहरा उतरतो, माझा पण. ऑपरेशन फार थोड्या मुलांना लागतं, ते पण सहसा वर्षानंतर, आपल्यावर ती वेळ येणार नाही असं मॅडम म्हणाल्यात. व्यायाम ती चालायला लागेपर्यंत पूर्ण बंद करायचे नाहीत.

गणपतीत ठाण्याला येतोयस ना? वहिनीला घेऊन ये, राहायलाच या, हॉलमध्ये गाद्या घालू, फक्त चिऊच्या डावीकडून हाक मारलीस तर आई तुला हाकलेल. आणि घराचा आहेर राहिलाय माझ्याकडे, तो घेऊन जा. येताना भडंग आण, दोन किलो, मागच्या वेळसारखा अर्धा एसटीत संपवू नको.

तुझा,
पक्या