सायनस, ‘हाय पॉवर’ची गोळी आणि औषधाची पोहोच

महोदय,

सायनसने डोके धरले की औषधाच्या दुकानात येऊन ‘तीन दिवसांचा हाय पॉवरचा कोर्स द्या, साधी गोळी तिथपर्यंत पोहोचत नाही’ असे सांगणारे ग्राहक आम्हा औषधविक्रेत्यांना नित्याचे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती मागणी पुरी करता येत नाही, हे सांगून झाले तरी ‘पोहोचत नाही’ या समजुतीचा विचार व्हायला हवा, म्हणून हे पत्र.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या. त्यांच्या आतील अस्तराला रक्तपुरवठा चांगला असतो आणि सूज आल्यावर तो आणखी वाढतो. त्यामुळे पोटातून घेतलेले ॲमॉक्सिसिलिनसारखे साधे प्रतिजैविकही त्या अस्तरापर्यंत बऱ्यापैकी जाते. अडचण पुढे असते. गालाच्या हाडातील पोकळीचे तोंड जेमतेम काही मिलिमीटरचे. ते सुजेने बंद झाले की आत साचलेल्या पुवात रक्तवाहिनी नसतेच, आणि औषधाला अस्तरातून झिरपत तिथे जावे लागते. त्यातच हिमोफिलससारखे काही जंतू ॲमॉक्सिसिलिन तोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतात, म्हणून त्याला ते विकर निकामी करणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड द्यावी लागते.

तीन दिवसांच्या कोर्समधले प्रतिजैविक म्हणजे ॲझिथ्रोमायसिन. ते ऊतींमध्ये रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी साठते व तिथे काही दिवस टिकते. इतका छोटा कोर्स त्यामुळेच शक्य होतो, आणि ‘हाय पॉवर’ हा लौकिकही बहुधा त्यातूनच आला असावा. परंतु हा साठा मुख्यतः पेशींच्या आत असतो, तर सायनसमधला न्यूमोकोकस हा जंतू पेशींच्या बाहेर वाढतो. शिवाय या जंतूत त्या औषधाला दाद न देण्याचे प्रमाण इतके वाढले, की अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा प्राथमिक उपचार म्हणून वापर करू नये, असे सांगितले. लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरे प्रतिजैविकही सायनसमध्ये उत्तम पोहोचते. तरीही स्नायुबंध व मज्जातंतूंवरील दुष्परिणामांमुळे, दुसरा पर्याय असताना ते अशा दुखण्यात देऊ नये, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने 2016 मध्ये दिला.

औषध अजिबात पोहोचत नाही, अशी स्थिती महाराष्ट्राने 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रूपाने पाहिली. ती बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. मग शिरेतून दिलेले ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध मृत ऊतीपर्यंत जाणार कसे? म्हणूनच काळा पडलेला भाग, कधी जबडा तर कधी डोळासुद्धा, शल्यचिकित्सकांना काढावा लागला. दीर्घकालीन सायनसमध्येही जंतू चिकट थर करून राहतात, आणि तिथे गोळी बदलत बसण्यापेक्षा दुर्बिणीने सायनसचे तोंड मोकळे करणे किंवा वरच्या दाढेच्या मुळाशी असलेला पू काढणे अधिक उपयोगी ठरते.

अर्थात सायनसची बहुतेक तीव्र दुखणी विषाणूंमुळे होतात. तिथे कोणतेही प्रतिजैविक पोहोचले काय किंवा न पोहोचले काय, सारखेच. दहा दिवसांनंतरही उतार नसणे, बरे वाटू लागल्यावर पुन्हा बिघडणे, किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस खूप ताप व घट्ट पिवळा स्राव असणे, या खुणा दिसल्या तर जिवाणूंचा संशय घ्यावा व डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसणे अंधुक झाले तर मात्र एक दिवसही थांबू नये. तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास हरकत नाही, मात्र पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे, थेट नळाचे नको.

– एक औषधविक्रेता, सातारा