आठ गुण देणारे गिऱ्हाईक

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

चाटी गल्लीतल्या जुन्या कापडाच्या पेढीपेक्षा साड्यांच्या शोरूममध्ये सेल्समनला पगार बरा आहे, एसी आहे, मग तुझ्या बोलण्यात ही कुरकुर कसली, असे तू फोनवर विचारलेस. तेव्हा मी विषय टाळला, कारण ते दोन मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते. शिवाय आता तुझ्याकडे एक कामही निघाले आहे, ते शेवटी लिहितो.

आमच्याकडे बिल झाले की ग्राहकाच्या मोबाईलवर संदेश जातो: आमच्या दुकानाची शिफारस ओळखीच्यांकडे कितपत कराल, शून्य ते दहापैकी गुण द्या. बिलावर सेल्समनचा क्रमांक छापलेला असल्यामुळे मिळालेले गुण थेट त्याच्या नावावर चढतात. फ्रेड राइकहेल्ड नावाच्या अमेरिकी सल्लागाराने 2003 साली ही पद्धत मांडली, असे माझ्या मुलीने शोधून सांगितले. तीत नऊ आणि दहा देणारे तेवढे खूश धरायचे, सात-आठवाले ना खूश ना नाराज, नुसते एकूण संख्येत मोजायचे आणि शून्यापासून सहापर्यंतचे सगळे नाराज. मग खूश असलेल्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. आता आपल्याकडच्या माणसाचा विचार कर. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला डिस्टिंक्शन मानणाऱ्या शाळांत आपण शिकलो, त्यामुळे आठ गुण देणारे गिऱ्हाईक आपल्या परीने पाठ थोपटूनच गेलेले असते. समज, दहा जणांपैकी चौघांनी नऊ, चौघांनी आठ आणि दोघांनी सहा दिले. सरासरी बरोबर आठ येते, पण आमच्या तक्त्यावर आकडा लागतो 20. त्या आकड्यापायी इन्सेंटिव्ह कापला जातो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत नाव वाचले जाते ते वेगळेच.

गेल्या लग्नसराईत अक्कलकोटकडची मंडळी बस्ता बांधायला आली होती. दुपारी गादीवर बसली ती दिवेलागणीला उठली. नवरीच्या इरकली, मानाच्या साड्या, आहेराचे कापड, टॉवेल-टोप्या, सगळे एकाच ठिकाणी घ्यायचे होते. नवरीला रंग पसंत पडला की आत्याला काठ आवडत नसे, आणि दोघींचे जमले की मामी किंमत विचारून साडी बाजूला सारत असे. प्रत्येक साडी उलगडून, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवता दाखवता माझ्यापुढचा ढीग गुडघ्याच्या वर गेला. त्यांच्यातल्या आजी निघताना म्हणाल्या, “लेकरा, किती दावलंस रे, आता बस जरा.” त्यानंतर काउंटरवर कार्डाचे यंत्र अडकले आणि मंडळी रांगेत ताटकळली. पैसे भरले ते इतका वेळ कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या भाच्याने, म्हणून संदेशही त्यालाच गेला. त्याने तीन गुण दिले आणि शेरा लिहिला, “बिलिंग फार स्लो.” शेरा अगदी खरा होता, पण तीन गुण माझ्या नावावर पडले. मॅनेजरला हे पटले, तरी एकदा चढलेला आकडा सिस्टीममधून निघत नाही, असे तो म्हणाला.

आजींचे बोलणे कुठेच नोंदले गेले नाही, हे मला जास्त लागले. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका आणि खेड्यांवरून येणारी कानडी माणसे वर्षानुवर्षे त्याच सेल्समनला शोधत येतात. पण इंग्रजीतला तो संदेश त्यांच्यातले बहुतेक जण उघडतही नाहीत.

या आकड्यापायी दुकानात जे चालते ते पाहून तुला हसू येईल. नवी पोरे आपल्या आत्ये-मावसभावांना बोलावून एकेक हातरुमाल घ्यायला लावतात आणि दहा गुण पदरात पाडून घेतात. मॅनेजरला हे ठाऊक आहे, पण त्याचाही आकडा त्यातूनच बनत असल्यामुळे तो बघत नाही. उरलेले आम्ही पिशवी हातात देताना “ताई, नऊ नाहीतर दहाच द्या हं,” असे अजिजीने सांगतो. काही गिऱ्हाइकांनी त्यातली मेख ओळखली आहे, आणि वापरलेली साडी परत घेत नाही म्हटल्यावर “मग बघा, काय रेटिंग देतो ते,” असे ते सरळ ऐकवतात.

जुन्या पेढीवर सगळे आलबेल होते, असे मी म्हणणार नाही. तिथे गरीब गिऱ्हाइकाचा पाणउतारा करणारे सेल्समन मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. त्यामुळे ग्राहकाने बोलू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण घासाघीस करताना गिऱ्हाईक तोंडावर चिडे, मालक गादीवरून ते ऐके आणि भाव चढा असेल तर तो मालकालाच उतरवावा लागे. आता भाव, यंत्र, ट्रायल रूमची रांग, या सगळ्यांचा राग समोर उभ्या असलेल्या माणसाच्या खात्यात जमा होतो. गंमत म्हणजे, गुण नोकरांच्या बोनसला जोडले की माणसे सेवा सुधारायची सोडून गुणांच्या मागे लागतात, अशी तक्रार खुद्द राइकहेल्ड यांनीच 2021 साली लेख लिहून केली आहे. आमच्या वरिष्ठांपर्यंत 2003 चा लेख पोहोचला, पुढचा मात्र वाटेतच राहिलेला दिसतो.

तर काम असे आहे. आम्ही काउंटरवरच्या लोकांनी मिळून मुख्य कार्यालयाला अर्ज द्यायचे ठरवले आहे. बिलिंगच्या आणि भावाच्या तक्रारी सेल्समनच्या नावावर टाकू नयेत, संदेश मराठी, कानडी आणि तेलुगूतही जावा आणि कमी गुण आल्यास आमचे म्हणणे ऐकल्याशिवाय पैसे कापू नयेत, एवढेच त्यात मागितले आहे. कार्यालय परराज्यात आहे आणि तिथे इंग्रजीच चालते. सोबत मराठी मसुदा पाठवत आहे, त्याचे इंग्रजी तू करून दे. भाषा नम्र ठेव, पण पैसे कापण्याचा मुद्दा सौम्य करू नकोस. सह्या करायला सगळे तयार आहेत, फक्त पहिली सही कोणी करायची यावर अजून घोळ चालला आहे. बहुधा ती मलाच करावी लागेल. येत्या पंधरवड्यात मसुदा परत आला तर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू होण्याआधी अर्ज पाठवता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकमित्र